कप्पा क्रमांक तीनशे बारा

मला उघडं राहिलेलं काहीही बघवत नाही. पेनाचं टोपण, पाण्याची बाटली, कपाटाचं दार. बोलता बोलता दुसऱ्याचंही मी लावून टाकतो. ऑफिसात यावरून माझी चेष्टा चालते. रेकॉर्डिंगच्या बाई मला ‘कुलूपवाले’ म्हणतात, तेही तोंडावर. मी मनाला लावून घेत नाही. हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला असली सवय असलेली बरी.

आमचा विभाग तळघरात आहे. लिफ्टमधून उतरलं की डावीकडे दोन खोल्या. एकीत मी आणि माझी यंत्रं, दुसरीत बाई. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात जाड काचेची, आतून राखाडी फोम लावलेली लहानशी केबिन आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, अशी माणसं त्या केबिनमध्ये तीन दिवस बसून बाराशे वाक्यं वाचतात. त्यावरून यंत्र त्यांचा आवाज शिकतं. पुढे ती माणसं घरी एका छोट्या उपकरणावर टाइप करतात आणि उपकरण त्यांच्याच आवाजात बोलतं. वाक्यं कुणी लिहिली देव जाणे. ‘झाडूखाली ढेकूण झोपला’ असलं काहीतरी, सगळी अक्षरं यावीत म्हणून. निम्मी माणसं पहिल्याच पानावर हसतात. बाई ते हसूही जपून ठेवतात.

प्रत्येकाचा सर्व्हरवर एक कप्पा; घरचं उपकरणही आवाज तिथूनच घेतं. त्याला नाव नाही, नंबर. अकरा वर्षांपूर्वी लिनक्सवर ही व्यवस्था मीच लावली आणि माझ्या स्वभावाप्रमाणेच लावली. कप्पे एरवी मिटलेले असतात. नंबर मागितला की तेवढाच कप्पा आपोआप जोडला जाऊन उघडतो आणि पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप मिटतो. आत कुणी फाइल वाचत असेल किंवा लिहीत असेल, तरच तो मिटत नाही. यादी मागितली तर फक्त उघडे कप्पे दिसतात; एकही उघडा नसेल तर यादी कोरी येते. एका वेळी बत्तीसच्या वर कप्पे उघडायचे नाहीत, ही मर्यादाही माझीच. बत्तीस कसले, सहा-सातच्या वर आकडा कधी गेलाच नव्हता.

त्या सोमवारी केबिनमध्ये माझा दादा बसला होता.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेला. पाचवीत मी त्याच्याच वर्गात होतो. शाळेत त्याला ‘सर’ म्हणायची सक्त ताकीद होती आणि घरी मी त्याच्याच ताटातलं उचलून खायचो. त्याची अकराची हजेरी शाळेत प्रसिद्ध होती. तो नावं घ्यायचा नाही, नंबर पुकारायचा. उत्तर आलं नाही तर तोच नंबर आणखी एकदा पुकारायचा आणि पुढे जायचा. हजेरी पुरी होईपर्यंत वर्गाचं दार उघडं असायचं. शेवटच्या नंबरानंतर तो स्वतः जाऊन कडी लावायचा. जिन्यात कुणी पोर धापा टाकत येत असलं तर दादा शेवटच्या नंबरापाशी मुद्दाम घसा खाकरत थांबायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या घशात आता गाठ निघाली होती. गुरुवारी सकाळी ऑपरेशन, बुधवारी संध्याकाळी पाचला वॉर्डात दाखल व्हायचं. आवाज भरून ठेवायला हातात तीन दिवस. वहिनींनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “भावोजी, काय वाट्टेल ते करा, पण घरात त्यांचाच आवाज हवा. पत्र्याच्या डब्यातून बोलणाऱ्या माणसाशी मला म्हातारपणी नव्याने संसार नाही करायचा.” हे म्हणताना त्या हसल्या आणि लगेच तोंड फिरवून जिना उतरून गेल्या.

दहाच्या सुमाराला बाईंनी दारातून हाक मारली. “कुलूपवाले, तीनशे बारा उघडत नाहीये.”

पडद्यावर लिहून आलं होतं की मर्यादा संपली. मी यादी काढली. बत्तीस कप्पे उघडे होते. आत कोण आहे म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, कुणी नाही. बरं, नाही तर मिटव म्हटलं, तर उत्तर आलं, मिटवता येत नाही, वापरात आहे. कुणी नाही आणि वापरात आहे, अशी दोन उत्तरं एकाच दमात देणारं यंत्र मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. पण दादा काचेआड कागद घेऊन ताटकळत होता. मी मर्यादा चौसष्ट केली, दादाचा कप्पा उघडला, आणि बाईंनी लाल दिवा लावला. मर्यादा वाढवणं म्हणजे पसाऱ्यावर चादर टाकण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. तेवढ्यापुरतं भागलं.

ते बत्तीस नंबर मी बाईंकडे दिले. सगळ्यांची वही त्याच ठेवतात, घरच्यांचे फोनही त्यांनाच येतात. जेवणानंतर त्यांनी कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि बसल्या नाहीत.

“सगळे गेलेले आहेत,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे वारलेत. बत्तीसच्या बत्तीस.”

मी म्हटलं, जुने कप्पे आहेत, कुठला तरी प्रोग्रॅम जुन्या फाइली तपासत असेल. बाई कागद परत घेऊन गेल्या.

मंगळवारी सकाळी चौसष्ट कप्पे उघडे होते. संध्याकाळी दादा घरी गेला की त्याचा कप्पा मिटायचा आणि रिकामी झालेली जागा दुसरं कुणीतरी घ्यायचं. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. यादी कोरी आली. हात धुवून परत येईपर्यंत चौसष्ट. मी मर्यादा एकशे अठ्ठावीस केली. नवे नंबर मी बाईंना दाखवलेच नाहीत.

त्या दुपारी मी फाइलींच्या वेळा बघत बसलो. कुठली फाइल शेवटची कधी वाचली गेली, हे यंत्र टिपून ठेवतं. शहाण्णव नंबरच्या कप्प्यातलं पहिलं वाक्य बारा वाजून चार मिनिटांनी वाचलं गेलं होतं. दुसरं त्यानंतर पाच सेकंदांनी, तिसरं चार सेकंदांनी. वाक्य लांबीला जेवढं, तेवढाच मध्ये वेळ. प्रोग्रॅम बाराशे फाइली चुटकीसरशी वाचून मोकळा होतो. इतक्या सावकाश, वाक्याला वाक्याचा पूर्ण वेळ देऊन, फक्त ऐकणारा वाचतो. बाराशेवं वाक्य संपलं की पुन्हा पहिलं. चौसष्टच्या चौसष्ट कप्प्यांत हेच चाललं होतं आणि काचेपलीकडे दादा गंभीर चेहऱ्याने ढेकणाचं वाक्य तिसऱ्यांदा वाचत होता. मी पाणी प्यायलो आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

बुधवारी सकाळी एकशे अठ्ठावीस. आता वाढवायला जागाच नव्हती. फाइली साठवणारं मागचं यंत्र जुनं आहे, त्याला याहून जास्त जोडण्या झेपत नाहीत. दादाची चारशे वाक्यं राहिली होती. मी अकरापर्यंत जमेल ते करून पाहिलं. एकेक कप्पा मिटवायला जावं तर प्रत्येकाचं तेच उत्तर, वापरात आहे.

दादा बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याचा आवाज आता चाळणीतून आल्यासारखा येत होता. मी त्याला अडचण सांगितली, म्हणजे नंबर सोडून बाकीची.

“वर्ग भरला म्हणून पोरांना बाहेर काढत नाहीत रे,” तो म्हणाला. “बाक सरकवायचे.”

“दादा, तू घसा जप. चारशे वाक्यं राहिलीत.”

साडेबाराला मी ठरवलं. सर्व्हर बंद करायचा, मर्यादा एक करायची, आणि चालू होताक्षणी तीनशे बारा मागायचा. एकच कप्पा उघडेल, तो दादाचा. बाकी कुणाला जागाच उरणार नाही. घरोघरच्या रुग्णांची उपकरणं पाच वाजेपर्यंत मुकी राहणार होती, पण तसा निरोप पाठवता येत होता. मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कानांवरचे हेडफोन उतरवले.

“अहो, पण ते जातील कुठे?”

“ते कोण?” मी जरा चिडूनच विचारलं. त्यांनी हेडफोन परत चढवले.

मी सर्व्हर बंद केला, चालू केला, तीनशे बारा मागितला. उघडला. यादीत एकच ओळ. मी वाट पाहिली. हात धुवायला मुद्दाम गेलो आणि आलो. एकच ओळ. मला इतकं बरं वाटलं की मी काचेतून दादाला अंगठा दाखवला.

त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो केबिनच्या दाराकडे बघत होता. दार बंद होतं. त्याने आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली. मग आणखी थोडी सरकवली, अगदी फोमला टेकेपर्यंत. मान हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली.

“बसा,” तो म्हणाला.

मग कागद उचलून त्याने आठशे एकावं वाक्य वाचायला घेतलं.

बाईंनी मला नंतर सांगितलं की तासभर त्यांच्या हेडफोनमध्ये केबिन भरल्यासारखी वाटत होती. रिकाम्या खोलीचा एक आवाज असतो आणि भरलेल्या खोलीचा वेगळा, कुणी बोललं नाही तरी. मी दादाला विचारलं, “बसा कुणाला म्हणालास?” तो म्हणाला, “सवय रे.” पावणेपाचला बाराशेवं वाक्य झालं. पाचला मी त्याला वॉर्डात सोडून आलो आणि मर्यादा पुन्हा बत्तीस केली. जुन्यांपैकी एकही कप्पा परत उघडला नाही. मी जिंकलो होतो.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी दादा घरी आला, गळ्याला पट्टी, मांडीवर उपकरण. पहिलं वाक्य त्याने टाइप केलं, “चहात साखर कमी आहे,” आणि त्याच्याच आवाजात ते ऐकून वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून रडल्या. मीही रडलो. लाज कसली त्यात.

त्याचा कप्पा मिटत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते त्यानंतर. मला वाटलं, त्याचं उपकरण सारखं जोडलेलं राहत असेल. वहिनींना फोन करून ते बंद करायला लावलं. कप्पा तरी उघडाच. आत कोण? कुणी नाही. मिटव. वापरात आहे.

मी आत बघितलं. फाइली बाराशेच असायला हव्या होत्या. त्या बाराशे नऊ होत्या.

जादा नऊ फाइली नऊ दिवसांच्या होत्या. रोज सकाळी बरोबर अकराला सुरू झालेल्या, प्रत्येक साधारण एकवीस मिनिटांची. घरचं उपकरण कप्प्यातून फक्त वाचू शकतं, लिहू शकत नाही. आणि त्या नऊही दिवशी रेकॉर्डिंगची खोली कुलूपबंद होती, कारण बाई रजेवर होत्या. मी हेडफोन लावले आणि बाराशे एक नंबरची फाइल सुरू केली.

दादाचा आवाज. चाळणीतला नव्हे, पूर्वीचा.

“एक.”

शांतता.

“एक.”

मग, “दोन.” परत शांतता, परत “दोन.” “तीन.” “तीन.”

“चार.”

“हजर,” एक म्हातारी बाई म्हणाली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेर लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. बाई रजेवरून परतल्यावर ती फाइल मी त्यांना ऐकवली. त्यांनी ‘हजर’ तेवढं तीनदा ऐकलं. “चार नंबरच्या आजी आहेत,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पानावर इतक्या हसल्या होत्या की आम्ही अर्धा तास थांबलो होतो.” मग त्यांनी न विचारता वही आणली आणि आम्ही दोघं एकवीस मिनिटं खुणा करत बसलो. जे गेले होते ते पहिल्याच पुकाऱ्याला उत्तर देत होते. जे हयात होते त्यांचा नंबर दोनदा पुकारला जात होता आणि उत्तर येत नव्हतं. एकही खूण चुकली नाही. सगळ्यात शेवटी दादाचा नंबर.

“तीनशे बारा.”

शांतता. घसा खाकरल्याचा आवाज.

“तीनशे बारा.”

तिथे फाइल संपत होती.

तेव्हापासून मी रोज साडेअकराला ऐकायला लागलो. अठ्ठाविसावी फाइल होती, त्या दिवशी दोनशे सात नंबर एकदाच पुकारला गेला. “हजर,” म्हणून कुणी पुरुष म्हणाला. रोज तो दोनदा पुकारावा लागायचा. दुपारी तीनला बाईंचा फोन वाजला. दोनशे सातची मुलगी होती. वडील सकाळी साडेनऊला गेले, हे उपकरण कुठे परत द्यायचं, असं विचारत होती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी दादाकडे गेलो. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. वहिनी म्हणाल्या, “रोज अकराला असेच बसतात, डोळे मिटून. ओठ हलत असतात. मी म्हणते, आकडेमोड करत असतील.” त्या आत गेल्यावर मी दादाजवळ स्टूल ओढलं.

“दादा, ती कोण आहेत?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाचवीत खोटं बोलल्यावर बघायचा तसा, म्हणजे रागाने नाही. मग त्याने टाइप केलं, आणि उपकरण त्याच्या आवाजात म्हणालं, “पटावर आहेत. बसू दे.”

“माझ्यामुळे?”

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. उपकरणाला हात लावला नाही.

तो कप्पा मला जबरदस्तीने मिटवता आला असता. सर्व्हर बंद करायचा, फाइली नव्या नंबराखाली हलवायच्या, दहा मिनिटांचं काम. एकदा मी कमांड लिहिलीसुद्धा. पण बाईंचा प्रश्न कानात बसला होता, की ते जातील कुठे, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर दादाचा आवाजही गेला तर? मी कमांड पुसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एक गोष्ट उघडी ठेवली आणि ती उघडी आहे ना, हे रोज सकाळी आल्या आल्या बघू लागलो.

मी ऐकायचो ते फक्त शेवटच्या दोन पुकाऱ्यांसाठी. तीनशे बारा, घसा खाकरणं, तीनशे बारा. दोनदा ऐकू आलं की मी जेवायला जायचो. तो दुसरा पुकारा म्हणजे माझा भाऊ जिवंत होता. सहा महिने मी असा जगलो आणि हे बाईंखेरीज कुणाला सांगितलं नाही.

परवा मंगळवारी फाइल वीसच मिनिटांची आली.

मी थेट शेवटाकडे गेलो.

“तीनशे अकरा.” शांतता. “तीनशे अकरा.”

घसा खाकरल्याचा आवाज आला. आज आधीच आला. मग बराच वेळ काही नाही, जिन्यात कुणी असल्यासारखं.

“तीनशे बारा.”

“हजर,” दादाच म्हणाला.

पावलं. चार, पाच. लाकडी दार ओढल्याचा आवाज.

कडी.

मी फोन लावला. वहिनींनी लगेच उचलला. मागे भांडी वाजत होती.

“दादा काय करतोय?” मी विचारलं.

“आहेत की खिडकीपाशी. आज डोळा लागलाय बहुतेक, मान कलली आहे. का हो? उठवू का?”

मी पडद्याकडे बघितलं. यादी कोरी होती.